सस्पेंड मोडसाठी पॉवर रेग्युलेटर लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान एम्बेडेड लिनक्स बोर्डावर काम करणाऱ्यांसाठी आहे. बोर्ड बूट होतो, सगळं नीट चालतं आणि आता बॅटरी टिकावी म्हणून त्याला झोपवायचं आहे, अशा टप्प्यावर पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणं बहुतेक आरके३३९९ ही चिप आणि तिच्या जोडीचा आरके८०८ पीमिक (बोर्डाला वेगवेगळी व्होल्टेज पुरवणारी पॉवर मॅनेजमेंट चिप) यांची आहेत, कारण त्यांचे ड्रायव्हर मेनलाइन, म्हणजे लिनक्सच्या मूळ अधिकृत, कर्नलमध्ये आहेत आणि कुणालाही उघडून वाचता येतात. दुसऱ्या चिपवर नावं बदलतील, तर्क तोच राहील. प्रॉपर्टींची आणि फायलींची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. डीटीएसमध्ये, म्हणजे बोर्डाचं हार्डवेअर कर्नलला सांगणाऱ्या डिव्हाइस ट्रीच्या फायलीत, ती अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायची.

बोर्ड सस्पेंड होतो, कन्सोल गप्प होतो, पण करंट जेमतेम उतरतो. असं का?

सस्पेंड झाला याचा अर्थ एवढाच, की प्रोसेस गोठल्या, ड्रायव्हरांनी आपापली डिव्हाइस थांबवली आणि सीपीयू थांबला. रेल, म्हणजे चिपच्या भागांना पुरवठा देणाऱ्या व्होल्टेजच्या लाइन, खाली आल्या की नाही, ही वेगळी गोष्ट. क्लॉक थांबलं की स्विचिंगचा करंट जातो, पण रेलवर व्होल्टेज आहे तोवर लीकेज (ट्रान्झिस्टरमधून झिरपणारा करंट) चालूच राहतं आणि रेग्युलेटर स्वतःही थोडं खातोच. सिलिकॉन तापलेलं असेल तर लीकेज आणखी जास्त. म्हणून बोर्डावर भरपूर लोड चालवून लगेच सस्पेंड केलात, तर सुरुवातीचा आकडा फसवा असतो. चिप गार होऊ द्या, मग वाचा.

आकडा स्थिरावल्यावरही मोठाच राहिला, तर बहुतेक वेळा रेल बंदच झालेल्या नसतात. पुढचे बरेचसे प्रश्न त्याभोवतीच आहेत.

रेल बंद कोण करतं, कर्नल की पीमिक?

सगळ्या गोंधळाचं मूळ या प्रश्नात आहे, म्हणून जरा सविस्तर.

झोपेत जायच्या क्षणी रेल बंद करणं कर्नलला शक्यच नसतं. कर्नल ज्या सीपीयूवर चालतो त्याचीच रेल बंद करायची आहे, ज्या रॅममधून चालतो ती सेल्फ-रिफ्रेशमध्ये (डेटा स्वतःच ताजा ठेवायच्या अवस्थेत) जायची आहे, आणि पीमिकशी बोलायचा आयटूसी (चिपांमधली दोन तारांची बस) कंट्रोलर तर त्याआधीच झोपलेला असतो. त्यामुळे काम दोघांत वाटलेलं असतं. पीमिकमध्ये बहुतेक प्रत्येक आउटपुटसाठी सेटिंगचे दोन संच असतात: एक जागेपणीचा, एक झोपेचा. आरके८०८मध्ये बक एकसाठी (बक म्हणजे व्होल्टेज उतरवणारा स्विचिंग रेग्युलेटर) जागेपणीच्या व्होल्टेजचं एक रजिस्टर आहे आणि त्याला लागूनच झोपेतल्या व्होल्टेजचं दुसरं. शिवाय झोपेत कोणती आउटपुट बंद ठेवायची, याचे बिट वेगळ्या रजिस्टरमध्ये असतात. कर्नल फक्त हा झोपेचा संच भरून ठेवतो. प्रत्यक्ष पालट होतो तो पीमिकच्या स्लीप पिनवर सिग्नल आला की, आणि तो सिग्नल एसओसीचं (सीपीयू असलेल्या मुख्य चिपचं) पॉवर मॅनेजमेंट हार्डवेअर सगळ्यात शेवटी देतं.

म्हणजे साखळीत तीन कड्या आहेत. डिव्हाइस ट्रीत इच्छा लिहिलेली असते, ड्रायव्हर ती पीमिकच्या रजिस्टरात उतरवतो आणि पिन ती अमलात आणते. यातली एक जरी तुटली तरी रेल चालूच राहते, आणि वाईट म्हणजे बहुतेक वेळा लॉगमध्ये एक ओळही उमटत नाही. डिव्हाइस ट्रीत पानंच्या पानं बदल करत बसणारे लोक पाहिले आहेत, जिथे स्लीप पिनचा पिनमक्सच (पिन कोणत्या कामाला लावायची ती सेटिंग) लावलेला नव्हता. डीटीएसला हात लावण्याआधी सर्किट उघडा आणि ती पिन कुठून कुठे जाते ते बघा.

डिव्हाइस ट्रीत नेमकं काय लिहायचं?

प्रत्येक रेग्युलेटरच्या नोडमध्ये ‘रेग्युलेटर-स्टेट-मेम’ नावाचा उपनोड द्यायचा. त्यात ‘रेग्युलेटर-ऑन-इन-सस्पेंड’ किंवा ‘रेग्युलेटर-ऑफ-इन-सस्पेंड’ यांपैकी एक. रेल चालू ठेवून व्होल्टेज बदलायचं असेल तर सोबत ‘रेग्युलेटर-सस्पेंड-मायक्रोव्होल्ट’. कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ही शेवटची प्रॉपर्टी आता जुनी ठरवली आहे, तरी बोर्डांच्या फायलींत ती सर्रास दिसते आणि कामही करते.

किंमत मायक्रोव्होल्टमध्ये आहे, हे विसरू नका. ०.९ व्होल्ट म्हणजे ९०००००. एक शून्य गळलं तर ड्रायव्हरला त्या व्होल्टेजची पायरीच सापडत नाही आणि लॉगमध्ये व्होल्टेज लावता आलं नाही अशी तक्रार येते. ती बरी. एखादा आकडाच चुकला आणि किंमत बकच्या पल्ल्यात बसली, तर मात्र कुणीच तक्रार करणार नाही.

ऑन नाही, ऑफही नाही, काहीच लिहिलं नाही तर?

कर्नल त्या रेलला हात लावत नाही. आता ‘हात लावत नाही’ म्हणजे रेल चालू राहते असं बरेच जण धरून चालतात, ते बरोबर नाही. झोपेच्या संचात आधीपासून जे असेल तेच लागू होतं: पीमिकच्या आतल्या ओटीपीमध्ये (एकदाच लिहिता येणाऱ्या मेमरीत) फॅक्टरीतून आलेली सेटिंग, किंवा बूटलोडरने मधे काही लिहिलं असेल तर ते. एकाच डीटीएसवर दोन बोर्ड वेगळे वागले, तर संशयाची सुई आधी इकडे वळवा. मी प्रत्येक रेलसाठी ऑन किंवा ऑफ स्पष्ट लिहितो. चार ओळी वाढतात, पण सहा महिन्यांनी फाईल उघडणाऱ्याला ही रेल मुद्दाम चालू ठेवली की राहून गेली, असा प्रश्न पडत नाही.

‘ऑलवेज-ऑन’ आणि ‘ऑफ-इन-सस्पेंड’ एकाच नोडमध्ये? हा विरोधाभास नाही का?

नाही. ‘रेग्युलेटर-ऑलवेज-ऑन’ फक्त जागेपणीचा नियम सांगतं: कोणताही ड्रायव्हर ही रेल वापरत नसला तरी ती बंद करू नका. झोपेत काय करायचं ते उपनोड सांगतो. आरके३३९९ बोर्डांच्या मेनलाइन फायलींत सीपीयूच्या रेलवर दोन्ही सोबत दिसतात आणि ते अगदी योग्य आहे.

उलट बाजूची चूक जास्त आढळते. ‘बूट-ऑन’ लिहिलं म्हणजे रेल कायम चालू राहील असं समजून लोक ‘ऑलवेज-ऑन’ गाळतात. बूट होऊन ३० सेकंद झाले की कर्नल कुणीही न मागितलेल्या रेल बंद करायला घेतो, आणि बोर्ड तिथेच लटकतो. त्याचा सस्पेंडशी काही संबंध नसतो, पण चाचणी नेमकी त्याच सुमारास सुरू केलेली असल्याने खापर सस्पेंडवर फुटतं. खात्री करायला कर्नलच्या कमांड लाइनवर ‘रेग्युलेटर-इग्नोर-अनयूज्ड’ देऊन बघा, शब्दांमधे अंडरस्कोअर घालून. जुन्या कर्नलमध्ये हा पर्याय नसेल.

उपनोड तीन आहेत: स्टँडबाय, मेम, डिस्क. कुठला भरायचा?

जवळजवळ नेहमी मेम. डिस्क हायबरनेशनसाठी आहे आणि तिथे बहुतेक बोर्ड सरळ पूर्ण बंद होतात.

पण खरं घोडं पेंड खातं ते वेगळ्याच ठिकाणी. ‘सिस’ फाइलसिस्टीममधल्या पॉवर डिरेक्टरीत ‘स्टेट’ नावाच्या फायलीत तुम्ही ‘मेम’ लिहिलंत म्हणून बोर्ड खऱ्या सस्पेंड-टू-रॅममध्ये गेलाच, असं नाही. त्याच डिरेक्टरीतली ‘मेम-स्लीप’ फाईल वाचा. तिथे ‘डीप’ला चौकोनी कंस असेल तर ठीक. कंस ‘एसटूआयडल’ला असेल तर ‘मेम’ लिहूनही होतं ते फक्त सस्पेंड-टू-आयडल. सीपीयू आयडलमध्ये जातात, बस. आणि रेग्युलेटर फ्रेमवर्कला एसटूआयडलसाठी उपनोडच नाही. तुम्ही मेममध्ये लिहिलेलं त्या वाटेवर कुणी वाचतही नाही.

‘डीप’ हा शब्दच यादीत दिसत नसेल तर डिव्हाइस ट्री बाजूला ठेवा आणि फर्मवेअरकडे जा. ६४-बिट आर्म बोर्डांवर सस्पेंड-टू-रॅमची वाट पीएससीआयमधून, म्हणजे कर्नलने फर्मवेअरला करायच्या ठरलेल्या कॉलांमधून, जाते. त्यातला ‘सिस्टीम-सस्पेंड’ कॉल पीएससीआय १.०मध्ये आला आणि तो ऐच्छिक आहे. तुमच्या टीएफ-एने (आर्म बोर्डावरच्या फर्मवेअरने) तो दिला नसेल तर कर्नल ‘डीप’ दाखवणारच नाही.

कुठल्या रेल बंद करायच्या आणि कुठल्या चालू ठेवायच्या?

सर्किट डायग्रामचं पॉवर ट्रीचं पान समोर ठेवून प्रत्येक रेलला एकच प्रश्न विचारा: झोपेत या रेलवरचं कोण जागं राहायला हवं? उत्तर ‘कुणी नाही’ आलं तरच ऑफ.

सीपीयूचे कोर आणि जीपीयू यांच्या रेल डोळे मिटून बंद करता येतात. कोरची अवस्था आधीच रॅममध्ये किंवा चिपच्या आतल्या एसरॅममध्ये जपलेली असते.

रॅमची रेल बंद करायचा विचारही नको. सेल्फ-रिफ्रेशमध्ये डीरॅम स्वतःला ताजं ठेवते, पण त्यासाठी तिला पुरवठा पूर्ण लागतो: डीडीआर३ला १.५ व्होल्ट, डीडीआर३एलला १.३५, डीडीआर४ला १.२ आणि सोबत व्हीपीपीचे २.५, एलपीडीडीआर४ला १.१ आणि १.८. सेल्फ-रिफ्रेश आहे म्हणून व्होल्टेज थोडं उतरवून ठेवू, हा मोह टाळा. डेटाशीटची मर्यादा सेल्फ-रिफ्रेशमध्येही तीच असते, आणि त्याखाली गेल्यावर होणारी चूक कधी तासाभराने, कधी बोर्ड तापल्यावर उगवते. वाचवायचंच असेल तर टर्मिनेशनच्या व्हीटीटी रेलकडे बघा. सेल्फ-रिफ्रेशमध्ये बसवर रहदारी नसते, त्यामुळे ती बहुतेक डिझाइनमध्ये बंद करता येते आणि तिचा रेग्युलेटर काही कमी खात नाही. मात्र रॅमची सीकेई (क्लॉक-एनेबल) लाइन झोपभर खाली धरून ठेवावी लागते. ती धरणाऱ्या आयओ पॅडची रेल गेली तर रॅम सेल्फ-रिफ्रेशमधून बाहेर पडू शकते, आणि मग उठल्यावर कर्नलला स्वतःचाच कोड सापडत नाही.

एसओसीमधला ऑलवेज-ऑन भाग, म्हणजे पीएमयू (पॉवर मॅनेजमेंट युनिट), आरटीसी (घड्याळ) आणि वेक-अपचं लॉजिक, यांच्या रेल चालू. आणि वेक-अपची पिन ज्या आयओ बँकेत आहे त्या बँकेचा पुरवठाही चालू. हे शेवटचं फार निसटतं. आरके३३९९मध्ये जीपीआयओ (सर्वसाधारण इनपुट-आउटपुट पिना) शून्य आणि एक या बँका पीएमयूच्या भागात आहेत. पॉवर बटण या दोहोंपैकी एकीवर असेल तर काम सोपं, दुसऱ्या बँकेवर असेल तर झोपेत ते दाबल्याचं कुणाला कळणारच नाही.

उरलेल्या एलडीओंचं (छोट्या लिनिअर रेग्युलेटरांचं), म्हणजे कॅमेरा, डिस्प्ले, कोडेक, एचडीएमआय यांचं, उत्तर बहुधा ऑफ. एलडीओ कुठून पोसला जातो तेही बघा. १.८ व्होल्टच्या बकवर तीन एलडीओ टांगलेले असतील आणि बक बंद केलात, तर त्या तिघांना ‘ऑन’ लिहून काही उपयोग नाही.

आरके३३९९च्या फाईलमध्ये रॅमच्या रेलला व्होल्टेज लिहिलेलंच नाही. राहून गेलंय का?

नाही. आरके८०८च्या बक तीनचं व्होल्टेज रजिस्टरने ठरत नाही, बाहेरच्या फीडबॅक रेझिस्टरने ठरतं. म्हणून तिथे फक्त ‘ऑन-इन-सस्पेंड’ असतं.

सेटिंग पीमिकपर्यंत पोचली की नाही, झोपवण्याआधी कळेल का?

कळतं, आणि ही युक्ती फारशी वापरली जात नाही. ‘स्टेट-मेम’ उपनोड असला की रेग्युलेटर कोअर ती सेटिंग रेग्युलेटर नोंदवतानाच एकदा ड्रायव्हरकडे पाठवतो, सस्पेंडची वाट बघत नाही. त्यामुळे बूट झाल्या झाल्या डीबगएफएसमधल्या (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइलसिस्टीममधल्या) रेगमॅप डिरेक्टरीतून पीमिकची रजिस्टरं वाचा.

आरके८०८च्या बक एकचं उदाहरण घ्या. पायरी १२.५ मिलिव्होल्टची आणि सुरुवात ०.७१२५ व्होल्टपासून. झोपेत ०.९ व्होल्ट मागितले असतील तर फरक १८७.५ मिलिव्होल्ट, म्हणजे १५ पायऱ्या. झोपेच्या व्होल्टेज रजिस्टरात खालच्या सहा बिटांमध्ये १५ दिसले, तर पहिल्या दोन कड्या शाबूत आहेत. आता फक्त पिन आणि फर्मवेअर उरलं. दुसरंच काही दिसलं तर पिनकडे बघायची गरजच नाही, घोळ त्याआधीचा आहे.

डीबगएफएसमधली ‘रेग्युलेटर-समरी’ मात्र या कामाची नाही. ती जागेपणीचं चित्र दाखवते.

रजिस्टरात काहीच उतरलं नाही, एररही नाही. कसं काय?

ड्रायव्हरमध्ये सोयच नसेल. रेग्युलेटर कोअर ‘सेट-सस्पेंड-डिसेबल’, ‘सेट-सस्पेंड-एनेबल’ आणि ‘सेट-सस्पेंड-व्होल्टेज’ हे कॉलबॅक शोधतो. नसले तर अळीमिळी गुपचिळी: शून्य परत करतो आणि पुढे जातो. पीमिकच्या डेटाशीटमध्ये झोपेची रजिस्टरं आहेत म्हणून लिनक्सचा ड्रायव्हर ती वापरतोच, असं गृहीत धरू नका. ड्रायव्हरची सी फाईल उघडून ही तीन नावं शोधायला एक मिनिट लागतं. फाईल हाताशी नसेल तर ‘सिस’मधल्या त्या रेग्युलेटरच्या डिरेक्टरीत बघा. ‘सस्पेंड-मेम-मायक्रोव्होल्ट्स’ ही नोंद तिथे दिसत नसेल, तर ड्रायव्हरला झोपेचं व्होल्टेज लावता येत नाही.

जीपीआयओने चालू-बंद होणाऱ्या ‘रेग्युलेटर-फिक्स्ड’ला उपनोड लावला, फरक पडला नाही.

पडणारही नाही. त्या ड्रायव्हरमध्ये वर सांगितलेले कॉलबॅक नाहीत, आणि जीपीआयओ झोपेत जाताना ज्या पातळीवर होता तिथेच राहतो. अशी रेल बंद करायचा सरळ मार्ग म्हणजे ती वापरणाऱ्या ड्रायव्हरने आपल्या सस्पेंड कॉलबॅकमध्ये तिला सोडणं. सगळ्या वापरकर्त्यांनी सोडली आणि ‘ऑलवेज-ऑन’ नसलं की ती आपोआप जाते. तेव्हा ‘ऑलवेज-ऑन’ काढा आणि ड्रायव्हरच्या नोडला योग्य सप्लाय प्रॉपर्टी जोडा.

बोर्डाची पुढची आवृत्ती अजून हातात असेल तर हार्डवेअरवाल्यांना गाठा आणि त्या स्विचची एनेबल पिन पीमिकच्या एखाद्या अशा आउटपुटला जोडून घ्या, जे झोपेत बंद होतंच. सॉफ्टवेअरमध्ये याहून भरवशाचं काही करता येत नाही.

मोठ्या कोरसाठी आणि जीपीयूसाठी वेगळे बक आहेत. त्यांना स्लीप पिन कुठे असते?

आरके३३९९ बोर्डांवर या जागी बहुधा एसवायआर८२७ आणि एसवायआर८२८ सापडतात आणि त्यांना एफएएन५३५५५ हाच ड्रायव्हर लागतो. यांना स्लीप पिन नसते, व्हीसेल पिन असते. आत व्होल्टेजची दोन रजिस्टरं असतात, शून्य आणि एक. पिन खाली असेल तर शून्य क्रमांकाचं लागू, वर असेल तर एक क्रमांकाचं. झोपेसाठी कुठलं वापरायचं ते ‘एफसीएस’ या उपसर्गाच्या ‘सस्पेंड-व्होल्टेज-सिलेक्टर’ प्रॉपर्टीत सांगावं लागतं.

इथली चूक भयंकर दिसते. सिलेक्टर उलटा लिहिला तर ड्रायव्हर जागेपणीचं रजिस्टर झोपेचं समजून त्यातला एनेबल बिट पुसतो. मोठ्या कोरची रेल जागेपणीच जाते आणि बोर्ड बूट होता होता कोसळतो. व्हीसेल पिन बोर्डावर कशाला जोडली आहे ते आधी सर्किटमध्ये पाहा, मग आकडा लिहा. दुसऱ्या बोर्डाच्या फाईलमधून उचलू नका.

झोपेत बकचा मोड बदलावा का?

बदलता आला तर जरूर. झोपेत चालू राहणाऱ्या रेलवर लोड काही मिलिअँपियरचाच असतो. तिथे बक सक्तीच्या पीडब्ल्यूएममध्ये (सतत ठराविक गतीने स्विच करायच्या मोडमध्ये) राहिला तर स्विचिंगमध्येच बरंच वाया जातं. उपनोडमध्ये ‘रेग्युलेटर-मोड’ देता येतो, पण त्यातल्या आकड्याचा अर्थ त्या त्या पीमिकच्या बाइंडिंगप्रमाणे बदलतो आणि ड्रायव्हरने त्याची सोय केलेली असावी लागते. बरेच आधुनिक बक हलक्या लोडवर आपणहून पीएफएममध्ये (गरजेपुरतंच स्विच करायच्या मोडमध्ये) जातात. कुणीतरी कधी रिपल कमी करायला सक्तीचा पीडब्ल्यूएम लावून ठेवला नाही ना, एवढं पाहिलं तरी पुष्कळ.

आमच्या बोर्डावर पीमिकचं सगळं फर्मवेअरच बघतं म्हणे. मग कर्नलच्या डीटीएसमध्ये लिहायचं का?

तिथे लिहून उपयोग नसेल तर नका लिहू. एसटीएम३२एमपी१ आणि एसटीपीएमआयसी१ ही जोडी घ्या. पीमिकमध्ये प्रत्येक आउटपुटला मुख्य आणि पर्यायी अशी दोन कंट्रोल रजिस्टरं आहेत आणि पालट पीडब्ल्यूआरसीटीआरएल पिनने होतो. एसटीच्या टीएफ-एमध्ये झोपेच्या प्रत्येक पातळीसाठी वेगळा उपनोड असतो आणि तो टीएफ-एच्या स्वतःच्या डिव्हाइस ट्रीत लिहावा लागतो. कर्नलची फाईल कितीही बदला, टीएफ-ए पुन्हा बिल्ड करून बोर्डावर टाकल्याशिवाय काही हलत नाही.

बीगलबोन ब्लॅकवरच्या एएम३३५एक्सची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे झोपेचा शेवटचा भाग चिपच्या आतला कॉर्टेक्स-एम३ सांभाळतो. त्याला स्वतंत्र फर्मवेअर लागतं, आणि व्होल्टेज उतरवायचं असेल तर पीमिकला पाठवायच्या आयटूसी संदेशांची एक छोटी बायनरी फाईलही. म्हणजे इथे पिनऐवजी एक छोटा प्रोसेसरच तिसरी कडी झाला.

दोन्ही बाजूंनी एकाच रजिस्टरात लिहिलं जात असेल तर शेवटी लिहिणाऱ्याचं चालतं, आणि शेवटी लिहितं ते फर्मवेअर.

बोर्ड झोपतो पण उठत नाही. सुरुवात कुठून करू?

सगळ्या रेलना तात्पुरतं ‘ऑन-इन-सस्पेंड’ करा आणि जागेपणीचंच व्होल्टेज द्या. तरीही उठत नसेल तर दोष रेग्युलेटरचा नाही. वेक-अप सोर्स, फर्मवेअर किंवा एखादा ड्रायव्हर शोधा. उठला, तर निम्म्या रेल बंद करून बघा, मग त्यातल्या निम्म्या. कंटाळवाणं आहे, पण अंदाजपंचे शोधण्यापेक्षा लवकर संपतं. उठवायला ‘आरटीसीवेक’ (आरटीसीकडून ठरल्या वेळी उठवणारी कमांड) वापरा, म्हणजे बटणाची पिन हा वेगळा संशयित उरत नाही.

याआधी पॉवर डिरेक्टरीतल्या ‘पीएम-टेस्ट’ फायलीत ‘डिव्हाइसेस’ लिहून एक फेरी मारा. यात ड्रायव्हर खरोखर झोपतात, पाच सेकंद थांबतात आणि परत उठतात, पण स्लीप पिन हलत नाही. ही चाचणी पास आणि खरा सस्पेंड नापास, असं झालं तर ड्रायव्हर बऱ्यापैकी निर्दोष सुटतात आणि संशय रेलवर किंवा फर्मवेअरवर येतो. चाचणी संपल्यावर त्या फायलीत ‘नन’ लिहायला विसरलात, तर पुढचा प्रत्येक सस्पेंड पाच सेकंदांत उठेल आणि तुम्ही वेक-अप इंटरप्ट शोधत बसाल.

कन्सोल शेवटपर्यंत जागा ठेवायला कमांड लाइनवर ‘नो-कन्सोल-सस्पेंड’ देतात. ते चांगलं, फक्त यूएआरटीची आयओ रेल तुम्हीच बंद केली नसेल तर.

उठण्याच्या वाटेवर अजून एक जागा आहे. पिन परत फिरली की पीमिक रेल वर आणतो, पण प्रत्येक रेल स्थिर व्हायला वेळ लागतो. एसओसीने त्याआधीच काम सुरू केलं तर बोर्ड कधी उठतो, कधी नाही. थंडीत एक, उन्हात दुसरं असं वागणारे बोर्ड बहुतेक या जातीचे. एसओसी किती थांबतो हे कर्नलमध्ये नाही, फर्मवेअरमध्ये ठरतं. सीपीयूच्या रेलवर चॅनेल एक, एसओसीच्या वेक सिग्नलवर किंवा क्लॉकवर चॅनेल दोन लावून ऑसिलोस्कोपवर बघितलं की वाद मिटतो.

उठल्यावर वायफाय गायब असतं.

वायफाय एसडीआयओवर असेल आणि झोपेत त्याची रेल गेली असेल, तर चिपमधलं फर्मवेअर पुसलं जातं. दोन मार्ग आहेत. रेल चालू ठेवायची आणि एमएमसी नोडमध्ये ‘कीप-पॉवर-इन-सस्पेंड’ लिहायचं, किंवा रेल बंदच ठेवायची आणि उठल्यावर कार्ड नव्याने ओळखू द्यायचं. अर्धवट मधलं काही करू नका. ‘कीप-पॉवर’ लिहिलं आणि रेलला ‘ऑफ’ दिलं, तर ड्रायव्हर मेलेल्या चिपशी बोलत राहतो.

झोपेतला करंट नीट मोजता येत नाही. मल्टिमीटर लावला की बोर्ड बूटच होत नाही.

मल्टिमीटरच्या मिलिअँपियर रेंजमध्ये आतला शंट (करंट मोजायचा रेझिस्टर) मोठा असतो. बूट होताना बोर्ड अँपियरभर ओढतो, त्यावर व्होल्टेज पडतं आणि पीमिक अंडरव्होल्टेज म्हणून रिसेट होतो. मीटरला समांतर एक जाडजूड स्विच लावा. बूट होताना तो जोडलेला ठेवा, झोप लागल्यावर उघडा.

बोर्डावरचा शंट वापरत असाल तर आधी कागदावर हिशोब करा. १० मिलिओहमवर २ अँपियर म्हणजे २० मिलिव्होल्ट, छान. तोच शंट झोपेतल्या ५ मिलिअँपियरवर फक्त ५० मायक्रोव्होल्ट देतो. आयएनए२१९ या करंट मोजायच्या चिपची शंटवरची सगळ्यात छोटी पायरी १० मायक्रोव्होल्टची, म्हणजे तुमचं सगळं मोजमाप पाच पायऱ्यांत उरकलं. आयएनए२२६ची पायरी २.५ मायक्रोव्होल्टची आहे, पण त्याचा ऑफसेटही १० मायक्रोव्होल्टपर्यंत असू शकतो. झोपेच्या मोजणीसाठी शंट वेगळाच हवा.

रेल बंद केली तरी तिच्यावर ०.६ व्होल्टच्या आसपास काहीतरी दिसतं.

कुठून तरी चोरवाटेने पुरवठा होतोय. चिपची आयओ रेल बंद आहे, पण तिच्या एखाद्या पिनवर दुसऱ्या चालू रेलवरून पुल-अप (पिन वर ओढून धरणारा रेझिस्टर) आहे. पिनच्या आतला ईएसडी (स्थिर विजेपासून वाचवणारा) डायोड तो करंट बंद रेलमध्ये सोडतो. आयटूसीचे पुल-अप यात नेहमीचे आरोपी. असं लीकेज कधीकधी वाचवलेल्या करंटपेक्षा जास्त भरतं. शिवाय चिप अर्धवट जिवंत राहते आणि उठल्यावर नीट रिसेट होत नाही. पुल-अप त्याच रेलवर घ्या जिच्यावर चिप आहे. बोर्ड बदलता येत नसेल तर पिनकंट्रोलची ‘स्लीप’ अवस्था देऊन एसओसीकडून त्या पिना खाली धरा किंवा इनपुट करा, आणि तेही शक्य नसेल तर ती रेल मुकाट चालू ठेवा.

सस्पेंड केल्या केल्या बोर्ड लगेच उठतो. हा रेग्युलेटरचा दोष असू शकतो?

असू शकतो. इंटरप्ट लाइनचा पुल-अप ज्या रेलवर आहे ती रेल गेली की लाइन खाली येते आणि एसओसीला वाटतं इंटरप्ट आला. पॉवर डिरेक्टरीतली ‘पीएम-वेकअप-आयआरक्यू’ फाईल वाचा. तिथे आलेला नंबर ज्या डिव्हाइसचा आहे, त्याच्या इंटरप्ट लाइनचा पुल-अप कोणत्या रेलवर आहे ते सर्किटमध्ये शोधा आणि त्या रेलला ‘ऑन-इन-सस्पेंड’ द्या.

व्हेंडरच्या जुन्या कर्नलवर हेच उपनोड का चालत नाहीत?

रेग्युलेटर फ्रेमवर्क कर्नलमध्ये २००८ पासून आहे, पण सस्पेंडची ही बाजू बराच काळ अर्धवट होती. आधी प्लॅटफॉर्मच्या कोडने रेग्युलेटर कोअरला स्वतःहून हाक मारावी लागे, आणि फार थोडे प्लॅटफॉर्म ती मारत. आता रेग्युलेटर क्लासचे स्वतःचे पीएम कॉलबॅक आहेत. जुन्या झाडात रेग्युलेटर कोअरच्या सी फाईलमध्ये ते सापडले नाहीत, तर व्हेंडरने त्या जागी स्वतःचा काही मार्ग केलेला असण्याची शक्यता मोठी. पीमिक ड्रायव्हरमध्ये व्हेंडरच्या उपसर्गाने सुरू होणाऱ्या प्रॉपर्टी शोधा, झोपेची सेटिंग बहुधा तिथेच असते.